नाव विकलेल्या भावांची गाडी

1947 साली इटलीतल्या मोदेना शहरात दहा वर्षांच्या एका कराराची मुदत संपली. करारात एका बाजूला होते अदोल्फो ओर्सी हे उद्योगपती, दुसऱ्या बाजूला बिंदो, एत्तोरे आणि एर्नेस्तो हे तीन सख्खे भाऊ. तिघांचं आडनाव मासेराती. ज्या कारखान्यात ते रोज कामाला जात, त्याच्या फाटकावर त्यांचंच नाव होतं, तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नाकावरही तेच. पण ते नाव त्यांनी 1937 सालीच कारखान्यासकट विकून टाकलेलं होतं. कायद्यानं त्यावर त्यांचा हक्क उरला नव्हता. करार संपला तसे तिघांनी मोदेना सोडलं आणि जवळच्याच बोलोन्याला, आपल्या जुन्या गावी परत आले. बिंदो तेव्हा 64 वर्षांचे, एत्तोरे 53 आणि सगळ्यांत धाकटे एर्नेस्तो 49.

या वयात बहुतेक माणसं मिळालेल्या पैशांवर समाधान मानतात. या तिघांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोलोन्याच्या वेशीबाहेर, सान लाझारो दि साव्हेना इथं पुन्हा कारखाना थाटला. पुढच्या सात वर्षांत त्यांनी बांधलेल्या एका चिमुकल्या गाडीनं अमेरिकेतल्या बारा तासांच्या शर्यतीत अस्कारी आणि फान्जिओ हे जगज्जेते ज्या संघात होते तो सगळा संघ मागे टाकला. त्या विजयाला तेव्हाही कित्येकांनी नशीब म्हटलं, आजही म्हणतात. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं, तर गोष्ट थोडी मागून सुरू करायला हवी.

रोदोल्फो मासेराती हे व्होगेरा गावचे, रेल्वेच्या नोकरीतले. त्यांना सात मुलगे झाले, पैकी एक तान्हेपणीच गेला. उरलेल्या सहा जणांपैकी पाच जण इंजिनाच्या नादी लागले. मारिओ तेवढा चित्रकार झाला, आणि गंमत अशी की मासेराती म्हटल्यावर आज जगाला जे आठवतं ते त्रिशूळाचं चिन्ह त्याच्याच कुंचल्यातून आलं. बोलोन्याच्या भर चौकात नेपच्यूनचा पुतळा असलेलं कारंजं आहे, त्या पुतळ्याच्या हातातला त्रिशूळ त्यानं उचलला. थोरला कार्लो 1910 मध्ये तिशी गाठायच्या आतच वारला. त्याच्यामागं घराचं आणि धंद्याचं सुकाणू धरलं ते अल्फिएरीनं. 1914 च्या डिसेंबरात त्यानं बोलोन्यात कार्यशाळा काढली, पहिल्या महायुद्धात स्पार्क प्लग बनवले, युद्ध संपल्यावर दुसऱ्यांच्या गाड्या शर्यतीसाठी तयार केल्या, आणि 1926 साली सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत मासेराती नावाची पहिली गाडी स्वतः चालवली. दीड लिटरचं इंजिन, एकूण क्रमवारीत नववा नंबर, आपल्या गटात पहिला.

दीड लिटरचा हा आकडा ध्यानात असू द्या.

अल्फिएरी हा या घराचा कणा होता. गाडी आखणं, चालवणं, गिऱ्हाईक पटवणं, बँकेत जाऊन बसणं ही सगळी कामं तोच बघायचा. 1927 मध्ये शर्यतीत झालेल्या अपघातात त्याचं एक मूत्रपिंड काढावं लागलं. 1932 च्या मार्चमध्ये दुसऱ्यावर शस्त्रक्रिया चालू असताना तो गेला. वय अवघं 44. बिंदो तोवर इसोत्ता फ्रास्किनी या मोटार कंपनीत नोकरीला होता, ती सोडून तो भावांच्या मदतीला आला आणि हिशेबाचं काम त्यानं अंगावर घेतलं. इंजिनाचं डोकं एर्नेस्तोचं, तो स्वतः उत्तम चालवायचाही, इटलीचा विजेता होता. यंत्रशाळा एत्तोरेकडे. तिघंही आपापल्या कामात पक्के, पण अल्फिएरीनं जे एकट्यानं पेललं होतं ते तिघांत मिळून पेलेना.

त्यात 1934 पासून जर्मनीच्या मर्सिडीज आणि ऑटो युनियन या संघांनी ग्रां प्रीचा बाजारच बदलून टाकला. त्यांच्यामागं सरकारचा पैसा होता. मासेरातींच्या कारखान्याला गाडी विकूनच पुढची गाडी बांधायची असे. 1937 साली ओर्सी आले. मोदेनाचा हा माणूस भंगार लोखंडाच्या धंद्यातून वर आलेला, पोलाद आणि शेतीची यंत्रं यांत त्यानं पैसा केलेला. ओर्सींना खलनायक ठरवायचा मोह बऱ्याच लिहिणाऱ्यांना होतो. मला तो अन्याय वाटतो. त्यांनी कारखाना विकत घेतला नसता तर तो बहुधा बंद पडला असता. त्यांनी भावांना दहा वर्षं तांत्रिक कामावर ठेवलं, आणि त्याच काळात, 1939 आणि 1940 अशी लागोपाठ दोन वर्षं, भावांनी घडवलेल्या मासेराती 8सीटीएफ गाडीनं विल्बर शॉच्या हातून इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत जिंकली. भाव नीट ठरला होता, सही राजीखुशीनं झाली होती. फक्त विकलेल्या मालात त्यांचं नावही होतं, आणि त्याची खरी किंमत त्यांना पुढे कारखाना मोदेनाला हलल्यावर, तिथं पगारी माणसं म्हणून राहताना कळली असणार.

जाता जाता त्यांनी मोदेनासाठी एक शेवटचं काम केलं. 1947 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मासेरातीची नवी सहा सिलिंडरची गाडी मांडली गेली. तिचं नाव ए6. त्यातला ए अल्फिएरीचा होता.

युद्धानंतरच्या इटलीत मोठी गाडी बांधणं म्हणजे चैन होती. कारखान्यांवर बाँब पडलेले, पूल उडवलेले, पेट्रोल मुश्किलीनं मिळायचं. बोलोन्या तर 1945 च्या एप्रिलपर्यंत आघाडीच्या तोंडाशीच होतं. अशा देशात शर्यतीचा शौक पुन्हा उभा राहिला तो लहान इंजिनावर, आणि त्यातही मुख्यतः 1100 सीसीच्या गटात. कारण साधं होतं. फियाट 1100 ही गाडी गावोगावी होती, तिचे सुटे भाग मिळायचे, मेकॅनिक तिला डोळे मिटून उघडायचा. याच फियाट 1100 चं पुढचं रूप आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलं आणि पद्मिनी या नावानं कित्येक वर्षं मुंबईची टॅक्सी म्हणून फिरलं. ज्यांनी त्या टॅक्सीतून प्रवास केलाय त्यांना हे इंजिन किती सोसतं ते वेगळं सांगायला नको.

या लहान गाड्यांत काय दम आहे ते 1947 च्या मिल्ले मिलियानं दाखवलं. ब्रेशियाहून निघून रोमला वळसा घालून परत ब्रेशियाला येणारी ही शर्यत, साध्या रहदारीच्या रस्त्यांवरून जाणारी. ताझिओ नुव्होलारी तेव्हा 54 वर्षांचा होता, छातीच्या आजारानं खंगलेला. त्यानं चिसितालिया कंपनीची 1100 सीसीची उघडी गाडी घेतली आणि जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमेओच्या पुढं काढली. शेवटच्या टप्प्यात धो धो पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी गेलं, गाडी बंद पडली, ती सुरू करण्यात वेळ गेला. क्लेमेंते बिओन्देत्तीची अल्फा जिंकली आणि नुव्होलारी दुसरा आला. लांबच्या शर्यतीत लहान, हलकी गाडी मोठ्या गाडीला घाम फोडू शकते हे त्या दिवशी सगळ्या इटलीनं पाहिलं. शिवाय अशी शर्यत हरायला एवढ्याशा तारेत शिरलेलं पाणीसुद्धा पुरतं, हेही पाहिलं.

मासेराती बंधूंच्या नव्या कारखान्याचं नाव ओस्का. मोटारी बांधणाऱ्या खास कार्यशाळा, अशा अर्थाच्या इटालियन शब्दांची ती आद्याक्षरं, आणि अधिकृत नावात त्यामागं जोडलेलं, फ्रातेल्ली मासेराती. मासेराती बंधू. ‘मासेराती’ ही गाडी आता ओर्सींची होती, पण ‘मासेराती बंधू’ म्हणवून घ्यायला त्यांना कोण अडवणार? पहिल्या गाडीचं नाव एमटी-4. मासेराती टिपो, चार सिलिंडर. नावाचं पहिलं अक्षर तेवढं त्यांनी जवळ ठेवलं.

इंजिन 1092 सीसीचं, अश्वशक्ती सुरुवातीला 72 च्या आसपास. पोलादी नळ्यांची साधी चासी, पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, मागं एकसंध दांडा. कागदावर यात नवल वाटावं असं काही नाही, आणि हेच मला या गाडीचं मोठेपण वाटतं. त्या काळात धाडसी कल्पना इटलीत पैशाला पासरी होत्या. ज्या चिसितालियाच्या छोट्या गाडीनं नुव्होलारीला उचलून धरलं, तीच कंपनी पुढं पोर्श कंपनीकडून आखून घेतलेल्या चारही चाकं फिरवणाऱ्या ग्रां प्री गाडीच्या मागं लागून बुडाली. ओस्कामध्ये असलं काही झालं नाही. एर्नेस्तोनं जे चाललं ते ठेवलं, दरवर्षी त्यात थोडं बदललं. 1950 मध्ये इंजिनाला माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आले. आकार 1342 सीसीवर गेला, मग 1452 वर, शेवटी 1491 वर. अश्वशक्ती 110 च्या घरात पोचली. गाडीचं वजन मात्र 600 किलोच्या आसपासच राहिलं. बॉडी बहुतेक करून फेर्रारा गावच्या मोरेल्लीकडची, अॅल्युमिनियमचा पत्रा हातानं ठोकून केलेली, छप्पर नसलेली, बुटकी, नाकाशी एक गोलसर जाळी. उगीच एक पट्टी नाही की एक वळण नाही.

एमटी-4 नऊ वर्षांत सगळ्या मिळून सत्तर-पंच्याहत्तर बनल्या. म्हणजे वर्षाला जेमतेम आठ. आज ती दुर्मीळ का, याचं उत्तर यातच आलं. पण तेव्हा ती दुर्मीळ म्हणून कोणी घेत नव्हतं. जी माणसं स्वतःच्या पैशानं शर्यत खेळायची, ज्यांच्यामागं कारखाना नव्हता, ती ओस्काकडे जायची, कारण गाडी हातात आली तशी थेट शर्यतीला नेता यायची आणि ती शेवटापर्यंत पोचायची. पुढं फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत उतरलेली पहिली स्त्री, मारिया तेरेसा दे फिलिप्पिस, हिनंही आपली सुरुवातीची काही वर्षं ओस्का चालवली.

पहिला मोठा विजय आला 1948 मध्ये नेपल्सला. चालक होता लुईजी विल्लोरेसी. हे नाव पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत ब्रिग्ज कनिंगहॅम नावाचा एक श्रीमंत गृहस्थ होता. घरची संपत्ती भरपूर, आणि ती त्यानं दोन गोष्टींवर उधळली, शिडाच्या बोटी आणि मोटारी. 1958 साली त्यानं अमेरिकाज कप जिंकला, पण मोटारींवरचं त्याचं प्रेम त्याहून जुनं. अमेरिकन बनावटीची गाडी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जिंकावी म्हणून त्यानं स्वतःच्या नावाच्या गाड्या बांधल्या आणि वर्षानुवर्षं त्या फ्रान्सला नेल्या. ल माँ त्याला कधी मिळालं नाही. पण 1953 मध्ये फ्लोरिडातल्या सेब्रिंगला, जागतिक स्पोर्ट्सकार अजिंक्यपदाच्या इतिहासातल्या पहिल्याच शर्यतीत, त्याचीच गाडी पहिली आली. या कनिंगहॅमच्या ताफ्यात एक ओस्काही होती, 1452 सीसीची. ताफ्याच्या गाड्या सांभाळायचा आल्फ्रेड मोमो, जन्मानं इटालियन, न्यूयॉर्कमध्ये गॅरेज असलेला मेकॅनिक. अशी गाडी कशी राखायची हे त्याला माहीत होतं.

1954 च्या सेब्रिंगसाठी कनिंगहॅमनं त्या ओस्कावर दोघांना बसवलं. एक अमेरिकन, बिल लॉइड. दुसरा इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस, वय 24.

सेब्रिंगची जागा विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-17 बाँबर विमानांच्या वैमानिकांना तयार करण्यासाठी तिथं हेंड्रिक्स फील्ड हा विमानतळ बांधला गेला. युद्ध संपल्यावर अॅलेक उल्मन या विमानव्यवसायातल्या माणसाला तो दिसला आणि त्यानं धावपट्ट्या आणि आतले रस्ते जोडून शर्यतीचा मार्ग आखला. एक फेरी 5.2 मैलांची, म्हणजे सुमारे 8.4 किलोमीटर. धावपट्टी काँक्रीटच्या मोठमोठ्या फरशांची, आणि दोन फरशांच्या मध्ये सांधा. विमानाच्या भल्यामोठ्या चाकाला तो सांधा कळतही नाही. 600 किलोच्या गाडीला मात्र प्रत्येक सांध्यावर दणका बसतो, आणि बारा तासांत असे हजारो दणके. तिथं गाडी मोडते ती बहुधा वेगानं मोडत नाही, खिळखिळी होऊन मोडते. बोल्ट सैल होतात, कंस तडकतात, नळ्या गळतात. ल माँचे चोवीस तास निघाले तर सेब्रिंगचे बारा निघतीलच असं चालकांपैकी कोणी छातीठोकपणे सांगत नसे.

7 मार्च 1954, रविवार. समोर लान्चियाचा कारखान्याचा संघ, चार डी24 गाड्या घेऊन इटलीहून आलेला. व्हित्तोरिओ यानोनं आखलेलं सहा सिलिंडरचं, 3.3 लिटरचं इंजिन, अडीचशेच्या वर अश्वशक्ती. चारच महिन्यांपूर्वी याच संघानं मेक्सिकोतली कार्रेरा पानामेरिकाना जिंकली होती, आणि पहिले तिन्ही नंबर घेतले होते. आता एका गाडीत 1951 चा जगज्जेता हुआन मान्युएल फान्जिओ आणि एउजेनिओ कास्तेलोत्ती. दुसरीत 1952 आणि 1953 चा जगज्जेता अल्बेर्तो अस्कारी, आणि त्याच्या जोडीला लुईजी विल्लोरेसी, ज्यानं साडेपाच वर्षांपूर्वी नेपल्सला ओस्काला पहिलं यश मिळवून दिलं होतं. तिसरीत पिएरो तारुफी आणि रोबेर मांझाँ. चौथीत जिनो व्हालेंझानो आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाचा मुत्सद्दी पोर्फिरिओ रुबिरोसा. इंग्लंडहून अॅस्टन मार्टिनचाही संघ आलेला. या सगळ्यांत दीड लिटरची ओस्का आपल्या गटात पहिली यावी एवढीच अपेक्षा धरली जाऊ शकत होती.

सुरुवातीला झालं ते ठरल्यासारखंच. लान्चिया पुढं गेल्या. मग मोडतोड सुरू झाली. अॅस्टन मार्टिन एकेक करून बाद झाल्या. अस्कारीची लान्चिया गेली, फान्जिओची गेली. तारुफी आणि मांझाँची गाडी तेवढी पुढं होती, आणि चांगलीच पुढं होती. ओस्का मात्र शर्यतभर आपल्याच गतीनं फेऱ्या मारत राहिली. तिच्या लहान इंजिनाला पेट्रोल कमी लागायचं, हलक्या वजनामुळं टायर कमी झिजायचे, त्यामुळं पिटमध्ये थांबणंही कमी. ज्या वेळात मोठी गाडी उभी असते त्या वेळात लहान गाडी चालत असते. हा हिशेब साधा असला तरी बारा तासांत तो फेऱ्या मिळवून देतो.

आणि मग ओस्काचे ब्रेक गेले.

तेव्हाच्या या गाड्यांना ड्रम ब्रेक असत. चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी अस्तराच्या पिंपाला आतून दोन पट्ट्या दाबून गाडी थांबवायची. दर वेळी घर्षणानं उष्णता निर्माण होते, पिंप तापून किंचित फैलावतं, पट्टीवरचं लायनिंग झिजतं. धावपट्टीवरून पूर्ण वेगात येऊन अगदी काटकोनात किंवा त्याहून तीव्र वळायचं, असं सेब्रिंगला दर फेरीत कित्येकदा करावं लागे. शेवटच्या काही तासांत मॉस आणि लॉइडच्या पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखे झाले होते. अंधार पडलेला. दिवे नसलेल्या विमानतळावर स्वतःच्या गाडीच्या झोतात वळण शोधायचं, आणि तिथं गाडी थांबत नाही हे माहीत असताना शोधायचं.

मॉसनं त्यावर काढलेला उपाय असा: वळण यायच्या बऱ्याच आधी गिअर खाली आणायचा, इंजिनालाच गाडी ओढून धरायला लावायची, आणि वळणाच्या तोंडाशी गाडी मुद्दाम आडवी फेकायची. आडव्या गाडीचे चारही टायर घासत जातात आणि त्या घासण्यातच वेग मरतो. रस्ता अरुंद असता, कडेला झाडं किंवा घरं असती, तर हे करणं म्हणजे आत्महत्या होती. सेब्रिंगची धावपट्टी विमानांसाठी बांधलेली होती, तिला रुंदी होती, त्यामुळं ते शक्य झालं. तरीही प्रत्येक वळणावर, प्रत्येक फेरीत, तासन्‌तास हे अचूक करत राहणं हे फार थोड्या चालकांना जमलं असतं. मॉस त्या थोड्यांतला होता, हे जगाला पुढं पटलं. पुढच्याच वर्षी त्यानं मर्सिडीजवर मिल्ले मिलिया 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत जिंकली. माझ्या मनात मात्र सेब्रिंगची ती रात्र त्याच्या मोठ्या कामांत बसते. आणि लॉइडचंही नाव घ्यायलाच हवं. मॉससारख्याच्या शेजारी त्याचं नाव झाकोळलं गेलं, पण बारा तासांत त्यानंही याच गाडीला याच काँक्रीटवरून सांभाळून आणलं.

शर्यत संपायला थोडाच वेळ उरला असताना तारुफीची लान्चिया बंद पडली. ओस्का पुढं झाली आणि पुढंच राहिली.

अखेर 168 फेऱ्या, सुमारे 1,400 किलोमीटर, तासाला सरासरी 117 किलोमीटर. दुसरी आली रुबिरोसा आणि व्हालेंझानोची लान्चिया, पाच फेऱ्या म्हणजे जवळजवळ 42 किलोमीटर मागे. ऑस्टिन-हीली तिसरी. दीड लिटरच्या गाडीनं गटातला नव्हे, अख्ख्या शर्यतीचा पहिला नंबर घेतला होता, आणि तोही जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत.

नशीब म्हणणारे तारुफीच्या बंद पडलेल्या लान्चियाकडे बोट दाखवतात. ती चालू राहिली असती तर ओस्का दुसरी आली असती, हे खरं आहे. पण बारा तासांची शर्यत ठेवलेलीच असते ती बारा तासांनी कोण उरतं ते पाहायला. अकराव्या तासाला मोडणारी गाडी त्या कसोटीला उतरलेली नसते. आणि ओस्का काही सुखरूप उरलेली नव्हती. तिचेही ब्रेक गेलेच होते. ब्रेकशिवाय चालवताना गिअर खाली आणून इंजिनावर जो मार बसतो, त्यानं एखादं नाजूक इंजिन तासाभरात फुटलं असतं. व्हॉल्व्ह वाकले असते, गिअरचे दात गेले असते. एर्नेस्तो मासेरातीचं इंजिन तो मार तासन्‌तास खात राहिलं आणि शेवटपर्यंत चालत राहिलं. 1926 साली अल्फिएरीनं सिसिलीच्या डोंगरांत नेलेलं दीड लिटरचं इंजिन आणि हे इंजिन यांच्यामध्ये 28 वर्षांची मेहनत होती, कित्येक हरलेल्या शर्यती होत्या. काय मोडतं हे या घराला फार आधीपासून ठाऊक होतं. मला तरी यात नशिबाचा वाटा फार थोडा दिसतो.

त्या विजयानंतर अमेरिकेतले हौशी चालक ओस्का मागू लागले आणि सान लाझारोतून पेट्या जहाजानं तिकडं जाऊ लागल्या. मॉसनं त्याच वर्षी स्वतःसाठी ग्रां प्रीची गाडी विकत घेतली, ती मोदेनाची मासेराती 250एफ. ओर्सींचा कारखानाही आता जोरात होता. लान्चियानं दोनच महिन्यांनी अस्कारीच्या हातून मिल्ले मिलिया जिंकून सेब्रिंगचं उट्टं काढलं, पण पुढच्या वर्षी मे महिन्यात अस्कारी मोंझाला अपघातात गेला, कंपनी कर्जात बुडाली, आणि तिच्या शर्यतीच्या गाड्या फेरारीच्या हवाली करण्यात आल्या.

ओस्का मोठी कधीच झाली नाही. भावांनी ती मोठी करायचा प्रयत्नही फारसा केला नाही. 1958 च्या ल माँमध्ये त्यांच्या 750 सीसीच्या गाडीनं आलेहांद्रो दे तोमासो आणि कॉलिन डेव्हिसच्या हातून इंजिनाच्या आकाराच्या मानानं सर्वांत चांगल्या कामगिरीचा मान मिळवला. पण तोपर्यंत शर्यतीचं वारं बदललं होतं. पोर्शनं आपली 550 स्पायडर मागच्या बाजूच्या इंजिनासह मैदानात आणली होती, इंग्लंडहून लोटस आणि कूपर येत होत्या, त्यांच्याहून हलक्या, डिस्क ब्रेक लावलेल्या. ज्या ब्रेकनं सेब्रिंगला दगा दिला होता, त्याच जागी विज्ञान पुढं निघून गेलं होतं.

एर्नेस्तोचं इंजिन सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचलं ते मात्र याच सुमारास. 1959 मध्ये फियाटनं आपल्या उघड्या 1500 एस गाडीत ओस्कानं आखलेलं 1491 सीसीचं दोन कॅमशाफ्टचं इंजिन बसवलं, नंतर तेच 1568 सीसीचं करून 1600 एसमध्ये. इटलीतला एखादा डॉक्टर किंवा वकील आता मासेराती बंधूंचं इंजिन घेऊन समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जाऊ शकत होता. त्या गाडीच्या नाकावर अर्थातच फियाटचं नाव होतं.

1963 च्या सुमारास भावांनी ओस्का काउंट दोमेनिको आगुस्ता यांना, म्हणजे एमव्ही आगुस्ता मोटरसायकलींच्या मालकांना विकली. बिंदो तेव्हा ऐंशीच्या घरात, एत्तोरे सत्तरीला टेकलेले, एर्नेस्तो पासष्टीला. पुढच्या पिढीत हे काम चालवणारं कोणी नव्हतं. आगुस्तांनी थोड्याफार गाड्या काढून पाहिल्या, आणि 1967 साली कारखान्याला कुलूप लावलं. एर्नेस्तो 1975 मध्ये गेले, बिंदो 1980 मध्ये, 97 व्या वर्षी. एत्तोरे 1990 पर्यंत जगले.

सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत त्यानंतर पोर्श आली, फेरारी आली, ऑडी आली. 1960 मध्ये पोर्श 1.6 लिटरवर ती जिंकून ओस्काच्या अगदी जवळ येऊन पोचली. पण 1452 सीसीहून लहान इंजिनानं ती शर्यत आजवर कोणीही जिंकलेली नाही.